गावठीचा रकाना

सकाळचे सहा वाजले होते. एका हातात चरवी, दुसऱ्या हातात वासराचं दावं, आणि खिशातला फोन सारखा गुरगुरत होता. भाच्याचा व्हिडिओ. हा पोट्टा मालवाहू जहाजावर फिटर आहे. अप्पर वर्धा धरण सोडलं तर बारावीपर्यंत त्यानं मोठं पाणी पाहिलं नव्हतं. आता जगातल्या बंदरांची नावं तो आर्वी, तळेगाव, कारंजा म्हटल्यासारखी घेतो. काल डर्बन, आज केपटाउन.

व्हिडिओत त्याचा आवाज होता. "मामाजी, इथं धक्क्यावर हे जनावर पडून रायलं. कोनतं व्हय? तुमी त डॉक्टर हा न जनावरायचे."

मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली. पण आमच्या भागात ज्याच्या हातात सलाइनची बाटली दिसली तो डॉक्टर, त्यामुळे हे दुरुस्त करण्याचा नाद मी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सोडला.

दूध काढून झाल्यावर ओट्यावर बसून व्हिडिओ नीट पाहिला. चाळीसेक सेकंदांचा असेल. लाकडी फळ्यांवर एक तपकिरी, ओलं, भरल्या पोत्यासारखं जनावर. डोळे मिटलेले. मग त्यानं मागचा पंख पुढे आणला आणि त्या पंखाच्या मधल्या बोटांना असलेल्या नखांनी कानामागे खाजवायला सुरुवात केली, सावकाश, अगदी आमचा मोत्या राखेत बसून खाजवतो तसं. तिथेच मी व्हिडिओ थांबवला. कान होते त्याला. म्हणजे काय कान, उन्हानं गुंडाळलेलं तुरीचं पान जेवढं असेल तेवढे. पण होते.

मी जनावराकडे आधी कानांकडूनच पाहतो. सवय आहे. गाय व्यायली आणि बसून राहिली की पहिला हात कानाला. कान गार लागले तर कॅल्शियमची बाटली काढायची, पुढचं मागाहून. तेव्हा सीलला कान दिसल्यावर मी जरा चक्रावलो, कारण शाळेच्या पुस्तकातला सील माझ्या डोक्यात बिनकानाचा, गुळगुळीत, बर्फावर पडलेला होता.

भाच्याला आधी दोन वाक्यं पाठवली: सील आहे, आणि जवळ जाऊ नको. दुसरं वाक्य महत्त्वाचं होतं. २०२४ सालच्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या याच सीलांमध्ये रेबीज निघाला. समुद्रातल्या जनावरांत रेबीजची अशी साथ त्याआधी पाहिलीच गेली नव्हती, आणि त्याचा विषाणू तिकडच्या कोल्ह्यांमधल्या विषाणूशी जुळला. पिसाळलेल्या बैलाच्या तोंडात हात घालून "काही अडकलं का पाहा जी" म्हणणारे शेतकरी मी पाहिले आहेत, त्यामुळे सेल्फीसाठी सीलच्या तोंडाशी जाणारा भाचा मला लगेच डोळ्यांसमोर दिसला. "जवळ नाई गेलो, मामी शप्पथ," असं उत्तर आलं. मामीची का, माहीत नाही.

मग मी वाचायला बसलो. निवृत्त माणसाला विषय लागतो. काहींना भजनी मंडळ सापडतं, मला केपटाउनच्या धक्क्यावरचा सील सापडला.

कानांची गोष्ट आधी संपवतो. सीलांची मोठी घराणी तीन. एक खरे सील, त्यांना बाहेरून कान नाहीत, जमिनीवर ते पोटावर सरपटतात. एक वॉलरस, सुळेवाला, एकटाच. आणि एक कानवाले, शास्त्रीय नाव ओटॅरिडी. कानवाल्यांना मागचे पंख पुढे वळवून चारी पायांवर चालता येतं. या कानवाल्यांत पुन्हा दोन भाग पाडायचे: ज्यांच्या अंगावर दाट केसाळ अस्तर ते फर सील, आणि ज्यांना ते नाही ते सी लायन. भाच्याचा तो फर सील.

फर म्हणजे काय हे कापूसवाल्याला समजवायला नको. सरकीवर लांब रुई असते, ती जिनिंगमध्ये निघून जाते, तरी सरकीला चिकटलेली बारीक लव उरतेच. फर सीलचं तसंच, दोन थर. वर राठ, लांब केस. खाली लोकरीहून मऊ आणि इतकं दाट अस्तर की पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही. फरक एवढाच की आपल्याला वरची रुई हवी असते आणि सीलच्या व्यापाऱ्यांना खालची लव हवी होती. वरचे राठ केस उपटून टाकायचे आणि आतलं मखमल विकायचं. त्या मखमलीपायी दक्षिण समुद्रातली बेटंच्या बेटं रिकामी झाली. जेम्स वेडेल नावाच्या दर्यावर्दी कप्तानाचा हिशेब आहे: एकट्या साउथ जॉर्जिया बेटावरून १८२२ पर्यंत १२ लाख कातडी गेली. कॅप्टन कुक त्या बेटावर उतरला होता १७७५ मध्ये. म्हणजे सत्तेचाळीस वर्षांत.

आता नावं. इथे माझा जीव रमला, कारण नावांचे घोळ घालण्यात माझीही हयात गेली आहे.

दक्षिणेकडच्या फर सीलांच्या गटाला म्हणतात आर्क्टोसेफॅलस. ग्रीक शब्द, अर्थ अस्वलडोक्या. हे नाव १८२६ चं. उत्तरेकडच्या फर सीलचं नाव वेगळं, कॅलोऱ्हायनस उर्सिनस, पण त्यातही अस्वल आहेच; बेरिंगच्या मोहिमेत १७४१ साली बेटावर अडकलेला निसर्गपंडित श्टेलर त्या जनावराला समुद्री अस्वलच म्हणत होता. जर्मन लोक अजूनही तेच म्हणतात. रशियन मात्र त्याला समुद्री मांजर म्हणतात, आणि स्पॅनिश बोलणारे समुद्री लांडगा. ज्याच्या रानात जे, ते त्यानं समुद्रात पाहिलं. मी तो व्हिडिओ शेजारच्या वासुदेवभाऊंना दाखवला तर ते म्हणाले, "हे त पान्यातलं डुक्कर हाय." रानडुकरांनी त्यांची तूर त्याच आठवड्यात उधळली होती.

अस्वल म्हणणारे मात्र फार चुकले नव्हते. सील हे मांसभक्षी प्राण्यांच्याच गणातले, आणि अस्वल, मुंगूस नव्हे हं, तर मुस्टेलिड म्हणजे आपल्या पाणमांजराचं कुळ, यांच्याशी त्यांचं नातं जवळचं. मुंगूस लिहिणार होतो, पण तो मांजराकडचा.

भाच्याच्या सीलचं पूर्ण नाव आर्क्टोसेफॅलस पुसिलस. पुसिलस म्हणजे बारका, इवलासा. आणि हा फर सीलांमधला सगळ्यात मोठा! नर अडीचशे-तीनशे किलोंचा होतो. घोळ असा की श्रेबर नावाच्या जर्मन पंडितानं १७७५ मध्ये हे नाव दिलं तेव्हा त्याच्यासमोर होतं ते एका पिलाचं चित्र. पिलू पाहून बारका म्हटलं, आणि नावाचा नियम असा की एकदा रीतसर छापलं की मागे घेता येत नाही. आमच्या गावात एक बारक्याभाऊ आहेत. आईनं पाळण्यात ठेवलेलं नाव. आज त्यांच्यासाठी लग्नात दोन खुर्च्या एकात एक घालून ठेवतात. आधार कार्डावरही बारक्याच.

दुसरा एक आहे, ट्रॉपिकॅलिस. नावावरून वाटेल उष्ण कटिबंधातला. राहतो कुठे, तर गफ, मॅरियन, ॲम्स्टरडॅम असल्या दक्षिणेकडच्या गार वाऱ्याच्या बेटांवर. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन ग्रेनं १८७२ मध्ये नाव दिलं, त्याच्याकडे आलेला नमुना उत्तर ऑस्ट्रेलियातला म्हणून. एखादा भरकटलेला असेल, किंवा चिठ्ठी चुकली असेल. चुकलेल्या चिठ्ठीचा राग मला येत नाही. उन्हाळ्यात बर्फाच्या डब्यातून रक्ताचे नमुने पाठवताना चिठ्ठ्या भिजून एकमेकींना चिकटलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

तिसरा गॅझेला, अंटार्क्टिकचा. गॅझेल म्हणजे हरिण, पण इथे हरणाचा संबंध नाही. १८७४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, पाहायला एक जर्मन जहाज केर्गेलेन बेटावर गेलं होतं, त्या जहाजाचं नाव गॅझेल. येताना त्यांनी सील आणला. बर्लिनमध्ये पीटर्स यांनी पुढच्या वर्षी जहाजाचं नाव सीलला लावून टाकलं. आणि या सगळ्यांना म्हणायचं दक्षिणी फर सील, त्यातला एक गालापागोसला विषुववृत्तावर बसलेला, तर एक मेक्सिकोच्या ग्वाडालूप बेटावर, म्हणजे चक्क उत्तर गोलार्धात.

हा ग्वाडालूपचा तर संपला म्हणून लिहून टाकला होता. कातडीवाल्यांनी काही ठेवलंच नव्हतं. टाउनसेंड नावाच्या माणसानं १८९२ मध्ये त्या बेटावरून कवट्या गोळा केल्या, त्या कवट्यांवरून १८९७ मध्ये जात ठरली, टाउनसेंडी. विचार करा, आधी कातडी गेली, मग हाडं उरली, मग नाव मिळालं. १९५४ साली कार्ल हब्ज यांनी त्या बेटावर पुन्हा जिवंत सील मोजले. चौदा. चिलीच्या बाजूच्या हुआन फर्नांडेझ बेटांवरचा फिलिपी हाही असाच संपलेल्यांत जमा होता, तो १९६५ मध्ये पुन्हा सापडला.

हेच हब्ज पुढे रेपेनिंग आणि पीटरसन यांच्याबरोबर १९७१ च्या एका मोठ्या कामात आहेत. दक्षिणी फर सीलांचं वर्गीकरण ज्याच्यावर बरीच वर्षं उभं राहिलं ते हे काम. रेपेनिंग मुळात जीवाश्मांचा माणूस, म्हणजे हाड आणि दात. कवट्या समोर ठेवायच्या, मोजायच्या, दातांची ठेवण पाहायची. त्याआधी ज्युडिथ किंग यांनी १९५९ मध्ये गॅझेला आणि ट्रॉपिकॅलिस ही एकाच जातीची दोन रूपं धरली होती. १९७१ नंतर ती दोन जाती म्हणून पक्की झाली. खरं तर जिवंत नर समोरासमोर उभे केले तर लहान पोरही वेगळे काढील: ट्रॉपिकॅलिसचं तोंड आणि छाती पिवळसर, डोक्यावर केसांचा तुरा. पण म्युझियमच्या कपाटात तुरा नसतो. तिथे फक्त दात असतात.

दातांवर माझा विश्वास आहे. बैलबाजारात व्यापारी तोंडानं काही सांगो, बैलाचा जबडा उघडला की अदात, दोन दाती, चार दाती, जुळलेला, सगळं समोर. सीलच्या दाताचं तर आणखी भारी आहे. व्हिक्टर शेफर यांनी १९५० मध्ये दाखवलं की सीलच्या दातावर वर्षागणिक थर चढतात, सागाच्या खोडात वलयं असतात तसे. मोजा आणि वय सांगा. आमच्या व्यापाऱ्यांच्या नशिबानं बैलाचा असला हिशेब बाजारात उभ्या-उभ्या करता येत नाही, नाहीतर अर्धा बाजार उठला असता.

तर इथपर्यंत सगळं ठीक होतं. केसाळ अस्तर असलेले एका घरात, नसलेले दुसऱ्या घरात. फर सीलांचं उपकुळ वेगळं, सी लायनचं वेगळं. दिसायलाही पटणारं.

मग डीएनए आला. २००१ साली वायनेन आणि सहकाऱ्यांनी आईकडून येणाऱ्या डीएनएवरून कानवाल्यांची वंशावळ मांडली, आणि ती दोन घरं उभी राहीनात. उत्तरेचा फर सील सगळ्यांच्या आधी वेगळा निघालेला. दक्षिणेचे फर सील त्याच्यापेक्षा दक्षिणेच्याच सी लायनना जवळचे. म्हणजे अस्तर हे नात्याची खूणच नव्हतं. ते पूर्वजांपासून आलेलं. काहींनी राखलं, काहींचं गेलं. ज्यांनी राखलं ते सगळे भाऊ, असं आपण धरून बसलो होतो.

इथे मी फोन बाजूला ठेवला आणि एक विडा लावला. कारण मला एक गाय आठवली.

आमचा भाग गवळाऊचा. आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे), या पट्ट्यातली पांढरी, हलकी, लांबट तोंडाची, पळायला तेज जनावरं. शिंगं आखूड, बोथट. नावातच गवळी आहेत. हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. पण पांढरं जनावर दिसलं की गवळाऊ, असं धरणारा माणूस फसतो, कारण आंध्रातली ओंगोलही पांढरी, आणि मधल्या काळात गवळाऊवर ओंगोलचे वळू सोडले गेले आहेत. पांढरा रंग म्हणजे आमचं अस्तर.

२०१९ ची विसावी पशुगणना. पहिल्यांदाच टॅब हातात, आणि जनावर नुसतं मोजायचं नाही तर जात निवडायची. दिवसभरातलं ते कितवं घर होतं आठवत नाही, ऊन उतरलं होतं, टॅबची बॅटरी लाल झाली होती. डोंगराकडच्या वस्तीतल्या एका गवळी आजींचा गोठा. दोन म्हशी आणि एक पांढरी कालवड. तोंड गवळाऊचं, डोळा बदामी. पण गळ्याखालची पोळी जरा जास्तच लोंबलेली, वशिंड जड. मला ओंगोलचा वास आला.

"आजी, कोनत्या जातीची व्हय?"

"जातीची काय जी, घरचीच हाय. हिची आजी माह्या सासूनं आनली होती."

यादीत घरची असा रकाना नव्हता. मी गावठी लिहिलं. कागदोपत्री इंग्रजीत त्याला नॉन-डिस्क्रिप्ट म्हणतात, म्हणजे जिचं वर्णन झालेलं नाही ती. चौतीस वर्षं मी हा शब्द लिहिला आणि एकदाही मनात आलं नाही की यात उणीव गाईची सांगितली आहे की वर्णन न करणाऱ्याची. पूर्णेच्या खोऱ्यातली ती भुरकट म्हैस आठवते? आणि गडचिरोलीकडची कठाणी गाय? दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या गावठीच्या रकान्यात होत्या. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोनं दोन्हींची रीतसर जात म्हणून नोंद केली, पूर्णाथडी आणि कठाणी. म्हशीला त्या दिवशी वेगळं काही वाटलं नसणार.

आजींच्या कालवडीचं पुढे असं झालं की शुद्ध जातीच्या गाई सांभाळणाऱ्यांसाठी एक योजना आली. यादी जुन्या नोंदींवरून निघाली. आजींचं नाव नव्हतं. त्यांनी मला कधी विचारलं नाही, त्यांना त्यातलं माहीतही नसेल. मला माहीत होतं. कालवडीच्या आजीची, पणजीची माहिती मी दोन मिनिटं उभं राहून विचारली असती तर निदान शेरा तरी लिहिता आला असता.

असो. सीलकडे परत.

२००१ नंतर काही अभ्यासांत तो बारका, म्हणजे पुसिलस, बाकीच्या अस्वलडोक्यांपासून दूर पडायला लागला. २०१२ मध्ये बर्टा आणि चर्चिल यांनी सरळ वाटणीच सुचवली. वाटणीचा नियम फार छान आहे: घर फुटलं तर जुनं नाव ज्या जातीवर बेतलेलं होतं तिच्याकडे राहतं, जसे आपल्याकडे देव थोरल्याकडे राहतात. आर्क्टोसेफॅलस हे नाव मुळात पुसिलसवर बेतलेलं. म्हणून पुसिलस एकटा आर्क्टोसेफॅलस, आणि बाकीच्या सगळ्यांनी आर्क्टोफोका या नावाच्या घरात जायचं. हे नाव पीटर्स यांचंच, १८६६ चं, फिलिपीसाठी केलेलं आणि नंतर धूळ खात पडलेलं. त्याच झपाट्यात ग्वाडालूपच्या सीलला स्वतंत्र जात न मानता हुआन फर्नांडेझच्या सीलची उपजात धरलं.

सागरी सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिची समिती दरवर्षी नावांची यादी काढते. समितीनं आर्क्टोफोकाचा फेरफार मंजूर केला. लगेच पुढे तो मागेही घेतला, पुरावा पुरेसा पक्का नाही म्हणून. सगळे पुन्हा आर्क्टोसेफॅलस. सातबाऱ्यावर नाव चढवून पुन्हा उतरवणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही, पण या समितीनं ते चहापाण्याशिवाय केलं एवढं तरी मान्य करू.

नुसता पंडितांचा खेळ आहे असं वाटत असेल तर कागद पाहा. वन्यजीवांच्या व्यापारावरचा जो साइटिस करार आहे त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत, ग्वाडालूपचा टाउनसेंडी बरीच वर्षं होता. बाकीचे दुसऱ्या परिशिष्टात, आणि तिथे एकेकाचं नाव नाही, सगळे आर्क्टोसेफॅलस अशी एकगठ्ठा नोंद आहे. घराचं नावच बदललं तर हे कागद कुणीतरी बसून दुरुस्त करायला हवेत. कालवडीच्या मालकिणीला हे मी समजावून सांगायची गरज नाही.

शेवटचा फेरफार २०२१ चा. लोपेस आणि सहकाऱ्यांनी कानवाल्यांच्या १५ पैकी १४ जातींचे पूर्ण जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचले. आणि पाहिलं तर जनुकागणिक वंशावळ वेगळी! हे जनुक म्हणतं अमका तमक्याचा सख्खा, ते म्हणतं चुलत. मला आधी वाटलं, मग उपयोग काय? पण त्यांनी याचं कारणही शोधलं, आणि ते मला आमच्या वाड्यावरून समजलं. माझ्या आज्याच्या पाठीमागे चारही भाऊ एकाच वर्षात वेगळे निघाले. पणजीची भांडी ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं नेलं. आज चार घरांतली भांडी पाहून कोण आधी वेगळा झाला ते सांगा. माझ्याकडचा गंगाळ आणि थोरल्यांकडचा गंगाळ जोडीचा, पण समया माझ्या आणि धाकट्यांच्या जुळतात. प्रत्येक भांडं वेगळी साक्ष देतं, आणि एकही खोटं बोलत नाही. सीलांचं हेच झालं. उत्तरेकडून विषुववृत्त ओलांडून त्यांचे पूर्वज दक्षिणेत आले आणि ३० लाख ते २५ लाख वर्षांपूर्वीच्या मधल्या काळात भराभर सहा घरं झाली. आधी दक्षिण अमेरिकेचा सी लायन निघाला, मग न्यूझीलंडचा, आणि उरलेली चार घरं अस्वलडोक्यांची. ही चार मात्र एकाच मुळाची निघाली, पुसिलससकट. म्हणजे १८२६ चं नाव टिकलं. बारक्या घरातच आहे.

मला हे वाचून बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

एक बेट राहिलं, मॅक्वारी. न्यूझीलंडच्याही दक्षिणेला. १८१० मध्ये सापडलं आणि पुढच्या थोड्याच वर्षांत कातडीवाल्यांनी तिथले फर सील साफ केले. तिथे मुळात कोणती जात होती हे कुणी लिहून ठेवलं नाही. कातडी मोजली, जात नाही लिहिली. विसाव्या शतकात सील परत यायला लागले, ते तीन वेगवेगळ्या जातींचे: गॅझेला, ट्रॉपिकॅलिस आणि न्यूझीलंडचा फॉर्स्टेरी. एकाच किनाऱ्यावर तिघं, आणि त्यांची मिश्र पिलं. डीएनए तपासून कुठलं पिलू किती कुणाचं हे तिथे लिहून ठेवतात. मी टॅब घेऊन त्या किनाऱ्यावर उभा आहे असं एकदा स्वप्नात आलं होतं. बॅटरी तिथेही लालच.

मागच्या शनिवारी त्या वस्तीवर गेलो. निमित्त काही नव्हतं. कालवडीच्या आता दोन वेती झाल्या आहेत. आजी ओसरीत दूध गाळत बसल्या होत्या. मी गाईच्या घराण्याचं विचारलं, सासूनं कुठून आणली, वळू कुणाचा, आणि या वेळी वहीत लिहून घेतलं. कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. मग मी फोन काढून भाच्याचा व्हिडिओ दाखवला.

त्यांनी फोन हातभर लांब धरला. खाजवण्यापर्यंत पाहिलं.

"कान हायेत न याले," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आजी, तुम्ही पर्यवेक्षक व्हायला हव्या होत्या.

"दूध देते?"

"पिलाले देते जी. माय चार-चार, पाच-पाच दिवस समुद्रात जाते, मासोया खाते, मंग येऊन पाजते. हजारात आपलं पिलू आवाजावरून वळखते."

ओरडणारी हजार वासरं आणि त्यातून आपलं शोधणारी गाय, हे त्यांना लगेच पटलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. मग खरा प्रश्न आला.

"फॅट किती लागते?"

गाईला साडेतीन-चार, म्हशीला सहा-सात, एवढ्या आकड्यांवर यांचं घर चाललेलं. मी अंटार्क्टिकच्या गॅझेलाचं वाचलेलं सांगितलं. "चाळीस."

आजींनी गाळणी खाली ठेवली. "चाळीस? डेरीवाला म्हनन, मशीन बिघडली."